जकात गेल्यावर ठाणे आणि नवी मुंबई: दोन महापालिकांच्या तिजोऱ्यांचा प्रकरण अभ्यास

सत्ता आणि पैसा खालच्या स्तरांवर गेला की देशाची अर्थव्यवस्था अधिक स्थिर होते की अधिक डळमळीत, या प्रश्नाची चर्चा बहुधा देशांच्या पातळीवरच होते. ब्राझीलचे उदाहरण हमखास पुढे येते. तेथील राज्यांनी बेसुमार कर्जे काढली, संघ सरकारने ती एकदा नव्हे तर अनेकदा आपल्या अंगावर घेतली, आणि जानेवारी १९९९ मध्ये मिनास जेराइस राज्याचे गव्हर्नर इतामार फ्रांको यांनी परतफेड थांबवल्याचे जाहीर करताच परकी भांडवल देशाबाहेर पळू लागले व त्याच महिन्यात रेआल हे चलन कोसळले. त्यावरून विकेंद्रीकरण धोक्याचे, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. उलट बाजूला अर्थतज्ज्ञ वॉलेस ओट्स यांचा १९७२ चा युक्तिवाद आहे. ज्या सेवेचा लाभ ज्या वस्तीपुरता, तिचा निर्णय त्या वस्तीनेच घ्यावा, कारण तिच्या गरजा तिलाच नेमक्या ठाऊक असतात.

दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत, पण त्यांतून आपल्याकडच्या परिस्थितीचा उलगडा होत नाही. महाराष्ट्रात २०१३ ते २०१७ या काळात शहरांच्या हातातला सर्वांत मोठा कर टप्प्याटप्प्याने गेला आणि त्याच्या जागी राज्याकडून येणारी ठरावीक भरपाई आली. खर्चाची जबाबदारी मात्र होती तेथेच राहिली. पारसिकच्या डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन महापालिकांना हा बदल एकाच कायद्याखाली, एकाच दराने लागू झाला. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पलीकडे गेले की दिघा लागते, म्हणजे ठाणे संपून नवी मुंबई सुरू होते, इतकी ती शेजारी. तरीही एका तिजोरीत मुदत ठेवी आणि दुसरीच्या दारात ठेकेदारांची थकीत देयके, असे चित्र पुढे अनेक वर्षे दिसत राहिले. असे का झाले, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

कर कसा गेला

ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ ची. ठाण्याने जुन्या वळणाने जकात घेतली. मालाचा ट्रक हद्दीवर अडवायचा, बिलावरून मूल्य धरायचे, जकात पावती फाडायची, आणि माल शहरात न उतरता पुढे जाणार असेल तर पारगमन शुल्क घ्यायचे. नवी मुंबईने १९९० च्या दशकातच वेगळी वाट धरली. तेथे जकातीऐवजी उपकर आला, ज्याला व्यापारी सरळ सेस म्हणत. तो हद्दीवर नव्हे, तर व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीच्या हिशेबावरून आकारला जाई. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि वाशीतील कृषी उत्पन्न बाजार समिती यांमुळे या सेसला भक्कम पाया होता.

जकातीचे दोष सर्वांना ठाऊक होते. रांगा, डिझेलची नासाडी, चिरीमिरी आणि करचुकवेगिरी यांखेरीज तिने प्रदेशाचा भूगोलही वाकवला. भिवंडीच्या ग्रामीण भागात गोदामांचे जे प्रचंड जाळे उभे राहिले, त्यामागे महापालिकांच्या जकात हद्दीबाहेर माल साठवण्याची सोय हे एक मोठे कारण होते. तरीही अर्थकारणाच्या दृष्टीने जकातीत एक गुण होता, जो तिच्या निंदेत विसरला जातो. ती मालाच्या मूल्यावर असल्यामुळे महागाई वाढली की उत्पन्न आपोआप वाढे, शहरात व्यापार वाढला की उत्पन्न वाढे, आणि रोज रोकड हाती येई. शहराची भरभराट आणि शहराची तिजोरी यांच्यात सरळ नाते होते.

एप्रिल २०१३ पासून ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत जकातीच्या जागी आणि नवी मुंबईत उपकराच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, लागू झाला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. महापालिकेचा अधिकारी दुकानात येऊन वह्या तपासणार, ही त्यांची मुख्य धास्ती होती. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना राज्याने त्यातून वगळले, म्हणजे कर नावापुरता उरला, आणि तूट राज्याच्या अनुदानाने भरली जाऊ लागली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, तेव्हा एलबीटी आणि मुंबईची जकात दोन्ही संपली. त्याआधी १०१ व्या घटनादुरुस्तीने सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ५२ वी नोंद वगळली होती. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराचा आधार तीच असल्याने परतीचा रस्ताही बंद झाला.

त्या जागी महाराष्ट्राने महापालिकांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरायचे, त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने वाढ धरायची, आणि ती रक्कम दर महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यायची, असे सूत्र ठरले. ५ जुलै २०१७ ला मुंबई महापालिकेला सुमारे ६४७ कोटींचा पहिला धनादेश समारंभपूर्वक देण्यात आला. स्वतःच्या हक्काचे पैसे घेण्यासाठी महापालिकेने व्यासपीठावर जावे, यातच नव्या नात्याचे स्वरूप उघड झाले होते.

आठ टक्क्यांचा अर्थ

स्थैर्याच्या कसोटीवर हे सूत्र प्रथमदर्शनी चांगलेच उतरते. २०२०-२१ मध्ये देशाचे सकल उत्पन्न चालू किमतींनीसुद्धा किंचित आकसले. जकात किंवा एलबीटी असती, तर टाळेबंदीच्या महिन्यांत दोन्ही शहरांचे उत्पन्न कोसळले असते, आणि नेमके त्याच महिन्यांत कोविड केंद्रे, रुग्णवाहिका व प्राणवायू यांवर पैसा ओतायचा होता. भरपाई मात्र सूत्रानुसारच ठरत राहिली. पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, चालू किमतींनी देशाचे उत्पन्न १८ टक्क्यांहून अधिक वाढले, तेव्हाही भरपाई ८ टक्क्यांनीच वाढली. वर जाताना मर्यादा आणि खाली येताना आधार, असा हा बंदोबस्त आहे. चक्रवाढीने मूळ रक्कम नऊ वर्षांत जवळपास दुप्पट होते, हेही काही कमी नाही.

पण हे स्थैर्य कोणाच्या खिशातून आले, ते पाहिले पाहिजे. वस्तू व सेवा करात विलीन झालेल्या करांपोटी केंद्राने राज्यांना २०१५-१६ च्या पायावर वार्षिक १४ टक्के वाढीची हमी दिली होती, आणि राज्याने महापालिकांना ८ टक्क्यांची. दोन हम्या एकीवर एक रचल्या होत्या. कोविडमध्ये वरची हमी पाळण्यासाठी केंद्र घेत असलेला भरपाई उपकर पुरेसा जमेना, तेव्हा केंद्राने २०२०-२१ मध्ये १.१ लाख कोटी आणि पुढील वर्षी १.५९ लाख कोटी रुपयांचे कर्ज काढून ते राज्यांना दिले. ठाण्याच्या सफाई कामगाराचा पगार वेळेवर होण्यामागे अखेर केंद्राने बाजारातून उचललेले कर्ज होते, असे म्हणणे अतिशयोक्त असले तरी निराधार नाही. जून २०२२ मध्ये केंद्राच्या हमीची मुदत संपली. राज्याची महापालिकांना दिलेली हमी चालू राहिली. म्हणजे मधला थर आता एकट्याच्या बळावर उभा आहे.

सूत्रातला दुसरा पेच अधिक खोल आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. पायाभूत वर्ष गोठवले की त्या वर्षीचे शहरांचे परस्पर प्रमाणही गोठते. नवी मुंबईच्या वाट्याला तिच्या कारखान्यांनी आणि बाजारपेठेने कमावलेला पाया कायमचा आला. ठाण्यात त्यानंतर घोडबंदर रोडला टोलेजंग इमारतींची रांग उभी राहिली, लोकसंख्या वाढली, दुकाने वाढली, पण त्या वाढीचा एक पैसाही भरपाईच्या आकड्यात शिरत नाही. पाणी, मलनिस्सारण, रस्ते व कचरा यांचा खर्च मात्र पूर्ण शिरतो. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. २०२४-२५ मध्ये दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रके ५,००० कोटींच्या आसपासच होती. दरडोई तफावत किती, ते वाचकाने स्वतःच काढावे.

हातात उरलेले कर

भरपाई स्थिर, पण तिच्यावर महापालिकेचा ताबा नाही. ताबा उरला तो मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीपोटीची शुल्के यांवर. तिन्हींची कथा वेगवेगळी आहे.

नवी मुंबईतील मालमत्ता कराचे देयक हाती घेऊन वरून खाली वाचले, तर सामान्य कर, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्ष, पथ अशा महापालिकेच्या ओळी लागतात आणि मग राज्य शासनाचा शिक्षण कर येतो. गाळा दुकानाचा असेल तर रोजगार हमी करही. हे दोन कर महापालिका राज्यासाठी गोळा करते. म्हणजे ज्या संस्थेला राज्य दर महिन्याला भरपाई देते, त्याच संस्थेचे कर्मचारी राज्याचा कर वसूल करून वर पाठवतात, आणि थकबाकीदाराचा रोष मात्र महापालिकेच्या खिडकीवर येतो. या देयकातील मूळ दर वर्षानुवर्षे हललेले नाहीत. ‘कोणतीही करवाढ नाही’ हे वाक्य नवी मुंबईच्या अंदाजपत्रकाच्या बातमीत इतक्या वर्षांपासून छापले जाते की ते न दिसणे हीच बातमी ठरावी. पाणीही असेच, महिन्याला ३० हजार लिटर पाणी ५० रुपयांत, हा घरगुती दर शहराने कित्येक वर्षे अभिमानाने मिरवला. अधूनमधून अभय योजना येते, थकबाकीवरची शास्ती माफ होते, आणि वेळेवर भरणाऱ्याला आपण उगाच घाई केली असे वाटू लागते. ठाण्यातही अशा सवलती झाल्या. तेथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सामान्य करातून सूट देण्यात आली.

शहरे कर का वाढवत नाहीत, याचे उत्तर नगरसेवकांच्या भित्रेपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. मला ते अपुरे वाटते. जकातीच्या काळात नगरसेवकाला मालमत्ता कर न वाढवण्याची चैन परवडत होती, कारण वाढ दुसरीकडून होत होती. भरपाईच्या काळात ती परवडायला नको होती. पण ८ टक्के आपोआप येत असल्यामुळे आणि तूट पडली तर मंत्रालयात जाता येत असल्यामुळे नागरिकाकडे वाढीव रुपया मागण्याची गरज कोणालाच भासली नाही. पंधराव्या वित्त आयोगाने मालमत्ता कराचा किमान दर अधिसूचित करण्याची आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या प्रमाणात वाढवण्याची अट अनुदानाला जोडली, ती याच दुखण्यावर.

उरली बांधकामाची शुल्के. ठाण्यात शहर विकास विभाग हा कमाईचा मोठा स्रोत झाला आणि येथे स्थैर्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. घरांची मागणी तेजीत असली की अधिमूल्य (वाढीव बांधकामासाठी विकासकाने भरायचा प्रीमियम) आणि विकास शुल्क यांचा पूर येतो, मंदी आली की आटतो. जकातीपेक्षाही हे उत्पन्न लहरी. शिवाय त्याची किल्ली पूर्णपणे महापालिकेकडे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क घटवले. जानेवारी २०२१ मध्ये विकासकांच्या अधिमूल्यात वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. बांधकाम क्षेत्राला चालना देणे हा हेतू रास्तच होता, राज्याच्या दृष्टीने तो स्थैर्याचा उपायच होता. पण त्याचा भार ज्या तिजोऱ्यांवर पडला त्यांत नियोजन प्राधिकरण असलेल्या महापालिकांच्या तिजोऱ्या होत्या.

मोरबे आणि थकीत देयके

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायदा एकच असताना फरक का?

वारसा हे पहिले कारण. नवी मुंबईचे बहुतेक नोड, म्हणजे उपनगरे, राज्याच्या सिडको महामंडळाने आखले, रस्ते-गटारे-मैदाने बांधली आणि मग ती महापालिकेच्या हवाली केली. जमिनीच्या विक्रीचा पैसा सिडकोकडे गेला, देखभालीचा खर्च महापालिकेकडे आला, ही तक्रार खरी आहे. तरी तयार शहर हाती आले हेही खरे. ठाण्याला जुने गावठाण, कळवा-मुंब्रा-दिव्याची दाट आणि बरीचशी अनधिकृत वस्ती, परिवहन सेवेचा तोटा, शिवाय कळव्याचे रुग्णालय आणि त्याला जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय चालवण्याचा भार, असा वारसा मिळाला. पालघर, रायगड, नाशिककडून येणारा रुग्णही कळव्यात दाखल होतो; त्याचा खर्च ठाणेकर करदाता सोसतो. ओट्स यांच्या युक्तिवादातील ‘लाभ त्या वस्तीपुरता’ ही अट येथे सरळसरळ मोडते.

दुसरे कारण मोरबे धरणात आहे. खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरचा हा प्रकल्प पैशाअभावी रेंगाळला असताना नवी मुंबई महापालिकेने २००२ मध्ये तो विकत घेतला आणि पूर्ण केला. स्वतःचे धरण असलेली महापालिका, असे बिरुद त्यामुळे शहराला मिळाले. ही खरेदी सेसच्या काळातली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. वाढते, स्वतःचे आणि विश्वासार्ह उत्पन्न हाती असलेल्या संस्थेनेच पन्नास वर्षांचा विचार करून एवढे ओझे उचलले. ठाणे आजही स्वतःची योजना, स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी घेते आणि दर उन्हाळ्यात त्यांतल्या कोणाच्या तरी कपातीची वाट पाहते.

तिसरे कारण कर्जाशी निगडित आहे. भारतात ब्राझीलसारखे होणार नाही, असे आपण निर्धास्तपणे म्हणतो, कारण महापालिकेला राज्याच्या मंजुरीशिवाय कर्ज काढता येत नाही आणि केंद्राचे देणे लागणाऱ्या राज्याला घटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार केंद्राची संमती लागते. बंधन कडक आहे, यात शंका नाही. परंतु कर्जाची दारे बंद असलेल्या संस्थेने खर्च मंजूर करणे थांबवले नाही, तर कर्ज दुसऱ्या रूपात जमते. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक लेखा विभागात गेले, आणि तेथेच राहिले. ठेकेदार दिवाळीपूर्वी आणि मार्चमध्ये खेपा घालतो. पुढच्या निविदेत तो या दिरंगाईची किंमत धरतो, म्हणजे व्याज निविदेच्या दरात लपून येते. ठाण्यात अशा दायित्वाचा डोंगर झाल्याची कबुली महापालिकेच्या अंदाजपत्रकी निवेदनांतूनच आली. रोख्यांच्या बाजारात हे कर्ज दिसत नाही, पतमानांकन संस्था त्यावर ओरडत नाही, पण सिमेंटवाल्यापासून मजुरापर्यंतची साखळी ते आपल्या भांडवलावर पेलत असते. नवी मुंबईला एए प्लस मानांकन सलग काही वर्षे मिळाले ते नेमके येथे वेगळेपण असल्यामुळे. देयके वेळेवर, कर्ज नगण्य, ठेवी भक्कम.

आणि मग मदत येते. ठाण्याचे रस्ते नीट करण्यासाठी राज्याने सुमारे ६०० कोटींचा निधी दिला. भांडवली कामांसाठी केंद्राच्या ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्ज योजनेतूनही रक्कम मिळाली. शहराचे प्रतिनिधित्व करणारे नेते आधी नगरविकास मंत्री आणि जून २०२२ पासून मुख्यमंत्री असताना हे घडले. निधी आला, रस्ते झाले, आणि नागरिक म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पण हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी तोट्यातल्या सरकारी कारखान्यांबद्दल जे दाखवले होते तेच येथे लागू पडते. वरून सुटका होणार हे आधीच माहीत असेल, तर अंदाजपत्रकाची मर्यादा सैल होते. ब्राझीलमध्ये ही सैलता रोख्यांतून शिरली, आपल्याकडे ती थकीत देयकांतून आणि विशेष निधीतून शिरते. देशाचे चलन त्यामुळे कोसळणार नाही. राज्याच्या तिजोरीवरचे अनिश्चित ओझे मात्र वाढत जाते.

चौदा गावे

निर्णय एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, याचे सर्वांत ताजे उदाहरण कल्याण-शिळ रस्त्यालगतच्या चौदा गावांचे आहे. भंडार्ली, उत्तरशिव, नारिवली, दहिसर मोरी ही त्यांतली काही. १९९२ मध्ये ती नवी मुंबईत होती, स्थानिकांच्या विरोधानंतर २००७ मध्ये वगळली गेली, आणि २०२४ मध्ये राज्याने ती पुन्हा नवी मुंबईत घातली. मधल्या काळात तेथे गोदामे, भंगाराचे अड्डे आणि परवानगी नसलेल्या चाळी वाढल्या. दिव्याचे डम्पिंग बंद करताना ठाणे महापालिकेने आपला कचरा काही काळ याच भंडार्लीत नेला. म्हणजे एका शहराचा कचरा ज्या गावात गेला, त्या गावाच्या सुविधांचा खर्च दुसऱ्या शहराने करायचा, आणि हे दोन्ही ठरवणारे तिसरेच. गावांची मागणी चूक नाही. इतकी वर्षे ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर त्यांनी शहरी गर्दी सोसली. पण पारसिकच्या डोंगरापलीकडे जलवाहिन्या, शाळा, दवाखाने न्यायचे तर हजारो कोटी लागतील आणि ते राज्याने द्यावेत, ही महापालिकेची भूमिकाही समजण्यासारखी आहे. भरपाईच्या सूत्रात या गावांसाठी जागा नाही, कारण पायाभूत वर्षात ती शहराबाहेर होती.

यातल्या शेवटच्या काही वर्षांत सभागृहे रिकामी होती. नवी मुंबईच्या सभेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, आणि निवडणुका लांबत गेल्या. आयुक्तच प्रशासक असल्याने अंदाजपत्रक सादर करणारे आणि मंजूर करणारेही तेच. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांची यादी कायद्यात तशीच होती, पण त्या विषयांवर मत देणारा निवडून आलेला माणूस नव्हता. प्रशासकीय राजवटीत खर्चाला शिस्त लागते, असे म्हणणारे आहेत. ठाण्याच्या थकीत देयकांचा काही भाग याच काळात फिटला, हे मान्य केले पाहिजे. मात्र कराचा पाया बदलणे, वार्षिक भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर जाणे, पाण्याचा खरा दर लावणे, असे निर्णय प्रशासक घेत नाही, आणि त्याने ते घेऊही नयेत.

जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही शहरांत मतदान झाले आणि सभागृहे पुन्हा भरली. नव्या सदस्यांपुढे येणाऱ्या अंदाजपत्रकात भरपाईची ओळ ८ टक्के वाढवून आधीच छापलेली असेल. तिच्या खालच्या ओळींपैकी मालमत्ता कराची ओळ ते बदलतात का, आणि थकीत दायित्वाचा आकडा परिशिष्टात न ठेवता मुख्य तक्त्यात आणण्याचा आग्रह धरतात का, यावरून त्यांच्या हाती नेमके काय सोपवले गेले आहे ते ठरेल.